मडकं मागायला कोण आलं?

या वेळचं पत्र लातूर जिल्ह्यातून आलं आहे. लांब आहे, म्हणून गाभा तेवढा देतो.

‘सर, मी शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर चार वर्षं खपून एक कादंबरी लिहिली. काळ यादवांचा शेवटचा, जागा तेरच्या आसपासचं एक गाव, नायिका एक कुंभारीण. राजे, सरदार, लढाया मुद्दाम टाळल्या. दोन प्रकाशकांनी हस्तलिखित परत केलं. एकाने लिहिलं, “अभ्यास दांडगा आहे, पण वाचकाला धरून ठेवणारं काही नाही. देवगिरीवरची स्वारी थोडी मोठी करता आली तर पाहा.” सुनेला वाचायला दिलं, तर ती “आई, छान आहे” म्हणाली आणि चाळिसाव्या पानावर खूण घालून ठेवली. ती खूण अजून तिथेच आहे. साध्या माणसांचा इतिहास आजच्या वाचकाला नकोच आहे का? की मी राजाला आत घेऊ? पहिली शंभर पानं सोबत पाठवते आहे. नाव छापू नका.’

ताई,

शंभरही पानं वाचली. तुमच्या सुनेची खूण जिथे आहे तिथे माझाही चहा गार झाला होता, हे आधी कबूल करतो. पान ३६ ते ४२, सलग सात पानं, बलुतेपद्धती. सुताराला काय मिळे, लोहाराला काय मिळे, पहिली ओळ कोणाची, दुसरी कोणाची. वर्गात हे तुम्ही रंगवून सांगत असणार. पण त्या सात पानांत तुमची मृण्मयी कुठेच नाही. ती अंगणात माती मळत उभी आहे, आणि तुम्ही तिच्याकडे पाठ करून आम्हाला फळ्यावर लिहून दाखवता आहात.

आणि मग पान ९४. पाटलाच्या घरचं लग्न सहा दिवसांवर आलंय, नवरा तापाने फणफणलाय, मडकी झालेली नाहीत. बाईने चाकाला हात लावायचा नाही हा कुंभारवाड्याचा रिवाज. तिने थापटायचं, वाळवायचं, रंगवायचं, भाजायला आव्यात लावायचं; पण चाक पुरुषाचं. रात्री पोरं झोपल्यावर ती दिवा लावत नाही, अंधारातच चाकाशी बसते आणि काठीने चाक फिरवते. त्या दीड पानात मी श्वास धरून होतो. चाकाचा आवाज शेजारी जाईल म्हणून ती मधेच हाताने ते थांबवते, आणि ओला गोळा एका बाजूला कलतो. हे तुम्ही पाहून लिहिलंय की कल्पनेने, माहीत नाही, पण खरं वाटतं.

तुमची कादंबरी पान ९४ वर सुरू होते. आधीची ९३ पानं तुमच्या अभ्यासाची वही आहे. वही फाडू नका, कपाटात ठेवा.

आता तुमचा प्रश्न. साधी माणसं वाचकाला नकोत असं मला वाटत नाही. वाचकाला नको असतं ते ‘जनजीवन’. पाठ्यपुस्तकात राजघराण्यांचे धडे संपले की शेवटी एक धडा असतो, ‘तत्कालीन लोकजीवन’. लोक शेती करत, सण साजरे करत, जात्यावर ओव्या गात. त्यात कोणी कोणाशी भांडत नाही, कोणाला कर्ज नसतं, कोणी खोटं बोलत नाही. आपण सगळे तो धडा पाठ करून मोठे झालो, आणि साध्या माणसावर लिहायला बसलो की नकळत तोच धडा लांबवतो. राजाच्या कादंबरीत राजाला काहीतरी हवं असतं आणि ते मिळायची खात्री नसते. कुंभारणीच्या कादंबरीत तिला फक्त ‘जगायला’ ठेवतात.

गंमत अशी की जुन्या काळातला साधा माणूस आपल्याला सापडतो तोच मुळी भांडताना. एरवी त्याचं नाव कोण कशाला लिहून ठेवेल? तुम्ही इतिहासाच्या, तेव्हा महजर तुम्हाला नवे नाहीत. पाटीलकी कोणाची, शिवेवरचं झाड कोणाचं, मानाचा विडा आधी कोणाला, अशा तंट्यांचे गोतसभेपुढचे निवाडे. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड काढले, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, आणि असे हजारो कागद जळणात किंवा रद्दीत जायचे वाचले. त्यातल्या निवाड्यांच्या तळाशी पाहा. लिहिता न येणाऱ्यांनी सहीऐवजी निशाणी केलेली असते. पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू, इतरांचं ज्याचं त्याचं हत्यार. अख्खं गाव ओळीने उभं आहे, प्रत्येकाच्या हातात आपापलं काम, आणि सगळे एका भांडणाला साक्षी आहेत. कादंबरीला याहून चांगली पात्रयादी कुठे मिळायची?

काही तंट्यांत ‘दिव्य’ करावं लागे, म्हणजे आपला दावा खरा हे अंगावर परीक्षा घेऊन दाखवावं लागे. उकळत्या तेला-तुपातून धातूचा रवा हाताने काढायचा. मग हात पिशवीत बांधून वर मोहोर करायची आणि ठरल्या दिवशी सोडून पाहायचा. भाजला असेल तर दावा खोटा. ते मधले दिवस कसे गेले असतील? माणूस घरी जेवला कसा, बायकोने घास भरवला का, रात्री पिशवीच्या आत काय होतंय याचा अंदाज घेत तो कसा पडून राहिला? निवाड्यात यातलं अक्षर नाही. ती जागा तुमची आहे.

हे कागद यादवांनंतरचे, बरेचसे सतराव्या-अठराव्या शतकातले. बारा बलुत्यांचं आखीव चित्रही आपल्याला मुख्यतः त्याच कागदांमधून मिळतं, म्हणून ते तेराव्या शतकावर जसंच्या तसं चिकटवू नका. तुमच्या त्या सात पानांना माझा हाही एक आक्षेप आहे. पण भांडणाचा साचा उचलायला हरकत नाही. गावाचं काम कोणाचं, आणि कामाबदल्यात धान्याचा वाटा कोणाचा, हा झगडा कुठल्याही शतकात शोभेल.

तुमच्या गोष्टीत तो आहेच, तुम्ही तो वापरलेला नाही. पान २१ वर दिराचा एका ओळीत उल्लेख आहे: शेजारच्या गावचा कुंभार, अधूनमधून येतो. कशाला येतो? मला विचाराल तर तो गाव बघायला येतो. भाऊ आजारी आहे. भाऊ उठला नाही तर हे गाव कोणाचं? वहिनी चाक फिरवू शकत नाही, म्हणजे गावाला कुंभार नाही, म्हणजे तो आयता बसला. आता पान ९४ परत वाचा. ती चाक फिरवते यात निव्वळ धाडस उरत नाही. ती आपल्या पोरांचं धान्य राखते आहे, आणि ते राखायला जे करते आहे तेच उघडं पडलं तर धान्यही जाईल आणि गावही.

असं झालं की बलुत्याची सात पानं सात ओळींत बसतात. मी गिरवून पाहिलं; तुम्ही माझ्यापेक्षा बरं कराल:

खळ्यावर रास पडली होती. सुतार पुढे बसला होता, लोहार त्याला लागून. ती पदर ओढून मागे उभी राहिली.
‘कुंभार कुठाय?’
‘निजलाय. अंगात ताप हाय.’
‘मग माप कुणाच्या पदरात घालू?’
‘मडकी तर पोचली न्हवं समदी? लग्नाची बी पोचली.’
‘पोचली,’ पाटलाने मापाच्या कडेवरून हात फिरवला. ‘तेच इचारतोय. निजलेल्या माणसानं घडवली कशी?’

बलुतं म्हणजे काय हे इथे कोणी कोणाला समजावत नाही. तरी वाचकाला कळतं की काम केलं तर धान्य आहे, खळ्यावर मानाची रांग आहे, आणि ही बाई अडकली आहे. तुमची सून इथे खूण घालणार नाही.

आणखी एक गोष्ट कुंभारवाड्यातच पडून आहे. कुंभाराचं मडकं लग्नाला लागतं, घट बसवायला लागतं, तसंच ते मयतालाही लागतं. म्हणजे गावात कोण गेलं हे आधी कळणाऱ्यांत कुंभाराचं घर आलं. अपरात्री दार वाजलं आणि माणूस काही न बोलता एक मडकं मागत उभा राहिला, की विचारायची गरज नाही, फक्त कोण तेवढं कळायचं बाकी. कादंबरी माझी असती तर मी पहिल्या ओळीत ते दार वाजवलं असतं. तुमच्या पहिल्या ओळीत ‘तेरणेच्या काठी वसलेलं ते टुमदार गाव’ आहे. मराठीत टुमदार नसलेलं गाव नदीकाठी वसल्याचं मी अजून वाचलेलं नाही.

आता राजा.

घेऊ नका असं मी म्हणणार नाही. पण प्रकाशक म्हणतात तसा घेऊ नका. १२९६मध्ये अल्लाउद्दीन खिलजी उत्तरेतल्या कडा या ठाण्याहून निघाला, अचलपूरवरून देवगिरीवर येऊन आदळला, तेव्हा रामदेवरायाचं मोठं सैन्य बाहेर होतं. हे तुम्ही शाळेत इतक्यांदा शिकवलंय की कादंबरीत ते टाळावंसं वाटलं, मला पटतं. पण या वेढ्याची एक गोष्ट फेरिश्ता या फारसी इतिहासकाराने सांगितली आहे. घाईघाईत किल्ल्यावर पोती चढवली. कोकणातून माल घेऊन आलेल्या व्यापाऱ्यांची पोती, धान्य समजून. वेढा पडला, पोती उघडली, आत मीठ. फेरिश्ता लिहितो ते घटनेनंतर तीनशे वर्षांनी, तेव्हा मिठाची गोष्ट चिमूटभर मीठ टाकूनच घ्यायची. तरीही, ती पोती वाहिली कोणी? बैलांवर कोणी लादली, नाक्यावर कोणी मोजली, आणि ‘धान्यच आहे’ असं पहिल्यांदा कोण म्हणालं? ज्या माणसाला ठाऊक होतं की आत मीठ आहे, तो त्या गोंधळात गप्प का बसला? माल हातचा जातोय म्हणून? की त्याला कोणी विचारलंच नाही म्हणून? देवगिरी पडली ती मिठाने, आणि ते मीठ वाहणाऱ्या माणसाचं नाव फेरिश्त्याला माहीत नाही. मोठी घटना साध्या माणसाच्या बाजूने दिसते ती अशी. तुमच्या गावात त्या वर्षी मीठ महागलं एवढं आलं तरी पुरे. का महागलं ते गावातल्या कोणालाच धड माहीत नसावं. हाटावर तीन जणांनी तीन कारणं सांगावीत. वाचकाला चौथं, खरं, माहीत असतं. तो त्यात रमतो.

एक जपा. राजा टाळणारे लेखक पुष्कळदा संताला आत घेतात. पान ७० वर तुम्ही गोरोबाकाकांना आणलंय. तेर म्हटलं की ते येणारच, आणि काळही जुळतो. पण गोष्टीत संत आला की तोही राजाच होतो: सगळे त्याच्याकडे तोंड करून बसतात आणि तुमची बाई पुन्हा गर्दीत जाते. त्यांना दूर ठेवा, पलीकडच्या गावचा एक कुंभार म्हणून त्यांच्याबद्दल बोललं जाऊ द्या. त्यांच्या दंतकथेतून मात्र एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ते थापटणं घेऊन संतांच्या डोक्यावर मारत जातात, कोणाचं मडकं कच्चं ते पाहायला. ज्याने कोणी ही कथा पहिल्यांदा सांगितली त्याने कुंभारकामावर पाल्हाळ लावलं नाही. कुंभाराच्या हातातलं हत्यार उचललं आणि त्यानेच नामदेवांची परीक्षा घेतली. तुमच्या कादंबरीत थापटण्याची लांबी, रुंदी, लाकूड सगळं आहे. त्याने अजून काहीच घडलेलं नाही.

मृण्मयी. हे नाव बदला, हात जोडतो. माती कामाची बाई म्हणून मृण्मयी हे तुमच्या-माझ्या पिढीचं साहित्यिक कौतुक झालं. तिच्या बापाला सुचणार नाही. ‘लीळाचरित्र’ तुमच्याकडे असेलच. म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरांच्या आठवणी पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यांकडून गोळा केल्या त्या तेराव्या शतकातच, म्हणजे तुमच्या बाईच्या हयातीतल्या. त्यातली नावं बघा: बाइसा, आबाइसा, महदाइसा. ‘इसा’ हा मानाचा शेपूट. गावातल्या कुंभारणीला तो कोणी लावणार नाही. देमाई, एल्हाई असं काहीतरी ठेवा. पुरुषांची नावं हवी असतील तर पंढरपूरला जा. देवळात चौऱ्याऐंशीचा शिलालेख आहे, लोक जन्माचे फेरे चुकावेत म्हणून ज्याला पाठ घासतात तो दगड. शके ११९५पासून (म्हणजे १२७३पासून) पुढची काही वर्षं देवळाला कोणी काय दिलं त्याची ती नोंद. सातशे वर्षांच्या पाठींनी अक्षरं गुळगुळीत केली, तरी अभ्यासकांनी ती वाचून छापून ठेवली आहेत.

आता ती बाई विचार कसा करते त्याबद्दल. पान ८८ वर ती म्हणते, ‘स्त्रीच्या कर्तृत्वाला समाज का नाकारतो?’ हे वाक्य १२९६चं नाही, ते एखाद्या परिसंवादातलं आहे. दुसरी बाजूही ऐका. त्या काळच्या बाईला असे प्रश्नच पडत नसत, ती बिचारी सोसतच असे, हेही साफ खोटं. चोखोबांच्या घरातल्या सोयराबाईंनी विटाळाबद्दल देवालाच खडसावून विचारलंय. चक्रधरांनी शिष्येला समजावलंय की नाकाला शेंबूड, डोळ्याला चिपडं येतं तसाच हा शरीराचा धर्म. जनाबाई स्वतःला नामयाची दासी म्हणवते, आणि देवाला दळायला बसवते. बंड होतं, पण त्याची भाषा देवाशी भांडायची होती, मडक्याची होती, विटाळाची होती. तुमच्या देमाईला प्रश्न पडू दे, पण तिच्या शब्दांत. ‘माती मीच मळते, थापटते मीच, भाजते मीच. मधल्या चार फेऱ्यांनीच कसा विटाळ होतो?’ एवढं ती नक्की म्हणू शकते. तेही मोठ्याने नको.

जातीच्या बाबतीत तुम्ही हात आखडता घेतलाय. गावकुसाबाहेरचं कोणी शंभर पानांत बोललेलंच नाही. आजच्या वाचकाला बोचेल म्हणून असेल. आजच्या वाचकाला गाळलेलंच जास्त बोचतं. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून गेले, १३३८मध्ये, तुमच्या गोष्टीनंतर जेमतेम चाळीस वर्षांनी. गावकूस बांधणारे ते, आणि राहायचं त्याच्या बाहेर. ती भिंत तुमच्याही गावाला आहे, आणि ती कोणी बांधली हे तुमच्या कुंभारणीला ठाऊक असणार. मडकी दोन्ही बाजूंना लागतात. ती कुंपणापलीकडे मडकं हातात देते की जमिनीवर ठेवून मागे सरते? तुमची नायिका आहे म्हणून तिला यातून सोडवू नका.

किरकोळ चुका. या एका संध्याकाळीत निघतील, म्हणून शेवटी ठेवल्या. पान १२ वर नवरा ठेचा-भाकरी खातो. मिरची पोर्तुगिजांच्या मागोमाग आली, १५००नंतर. तुमच्या माणसाला दोनशे वर्षं थांबावं लागेल. तोवर मिरे, आलं, हिंग, मोहरी, आणि भाकरीवर जवसाची नाहीतर कारळाची चटणी द्या. पान ३० वरचं शेंगदाण्याचं कूट गेलं, तिळाचं करा. पान ५५ वरचं मक्याचं कणीसही अमेरिकेचंच. लग्नमंडपाला झेंडूचं तोरण आहे. झेंडूही तिकडचाच हे कळलं तेव्हा माझाही आठवडाभर विश्वास बसला नव्हता. आंब्याच्या डहाळ्या ठेवा. हे सगळं बिनचूक झाल्याने कादंबरी चांगली होत नाही. पण आज कोणीतरी मिरची शोधून काढतो आणि मग चारचौघांत फक्त मिरचीचीच चर्चा होते.

भाषेचं मात्र किरकोळ नाही. तुम्ही संवाद लीळाचरित्राच्या मराठीत लिहिलेत: ‘ऐसें म्हणौनि’, ‘काइ जी’. मेहनत दिसते, आणि दर ओळीला वाचक अडखळतो. त्या बाईला स्वतःची भाषा जुनी वाटत नव्हती, हे ध्यानात घ्या. तिच्या कानाला ती रोजची होती, तर आमच्याही कानाला रोजची वाटू द्या. मराठवाड्यातलं गावरान बोलणं तुमच्या घरात आहे, तेच चालवा, फक्त चाळून घ्या. जमीन, बाजार, नजर, खबर, मालक हे सगळे फारसी-अरबीतून नंतर रुळलेले शब्द. त्यांच्याऐवजी भुई, हाट, दीठ, वार्ता, धनी घातले तर कोणाला अडत नाही, आणि वाचकाला कारण न कळता हवा बदलल्यासारखी वाटते. (‘हवा’ही अरबी. मी कादंबरी लिहीत नाहीये.) पण सोवळं फार पाळू नका. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत शब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो दरबाराच्या कामकाजासाठी. निवेदनात ‘फक्त’ आला म्हणून तुम्हाला कोणी दंड करणार नाही. संवादात ‘हुकूम’ आणि ‘साहेब’ तेवढे येऊ देऊ नका. ‘हक्क’ आणि ‘वतन’ही नकोत, ‘वृत्ती’ हा शब्द त्या काळाला शोभतो.

मागे एका गावात देवळाच्या पाराशी मी वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्याच्या आठवणीची कोरीव शिळा, पाहिली होती. खालच्या चौकटीत गाई आणि आडवा पडलेला एक माणूस, त्याच्या वर लढाई, वर अप्सरा त्याला उचलून नेताना, सगळ्यात वर तो पिंडीपुढे हात जोडून बसलेला, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. गावच्या गाई चोरायला कोणी आलं आणि हा गुराखी आडवा गेला. दगडावर नाव नाही. शेंदूर फासून गावाने त्याचा देव केलाय. शेजारी म्हैस बांधणाऱ्या पोराला विचारलं, हा कोण? म्हणाला, आमचा म्हसोबा. मी परत येताना एसटीत विचार करत होतो की हा गडी गेला त्या दिवशी सकाळी घरून भांडून निघाला होता की नाही. तेवढं जर कोणी लिहिलं तर मी पाचशे पानंही वाचेन.

तुम्ही लातूरला, तेर तुम्हाला घरच्यासारखं. तेरच्या लामतुरे संग्रहालयात पुन्हा एकदा जा, पण या वेळी वही नेऊ नका. तिथली मातीची भांडी-खेळणी सातवाहनांच्या काळची, म्हणजे तुमच्या कुंभारणीलाही ती हजार वर्षं जुनी. नांगरताना असलं एखादं खापर तिच्या हाती लागलं तर ती काय करेल? टिचकी मारून पाहील, भाजणी चांगली आहे म्हणेल, कदाचित कोणाच्या हातचं असेल म्हणून आतल्या बाजूने बोटं फिरवेल. चाकावरच्या बोटांच्या रेघा खापरावर आतून राहतात. आणि तेव्हा माझ्या डोक्यात आलं की दीर खोटेपणा पकडायला नेमकं हेच करेल: लग्नाच्या मडक्यात हात घालून आतून रेघा चाचपेल. भावाचा हात त्याला ठाऊक आहे. ही बोटं बारीक आहेत.

हे वापरायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पान ९४ पहिलं करा, दार वाजवा, आणि पहिली तीस पानं नव्याने लिहून पाठवा. सुनेला आधी द्या, मला नंतर. फक्त ते मडकं कोणासाठी मागायला आलेत हे पत्रात आधी कळवू नका.